अळणी पंगत

मेडशीच्या स्टँडवर अकोल्याहून वाशीमला जाणारी गाडी थांबली की तिच्या खिडक्यांखाली भजेवाला धावायचा, शेंगावाला धावायचा आणि पुंजाजीमामा धावायचे. भजेवाला आणि शेंगावाला काहीतरी विकायचे. मामा काहीच विकत नसत. गुडघ्याखाली जेमतेम पोचणारं धोतर, कोपरावर विटलेला सदरा, डोक्यावर टोपी आणि हातात बारमाही छत्री. त्या छत्रीच्या टोकानं ते गाडीच्या पत्र्यावर टकटक करत आणि आतल्या माणसाला विचारत, "कुत्र्याले काय टाकून राह्यले, भाऊ?"

नवखा माणूस दचकायचा. त्याला वाटायचं, चेकर आला. तो घाईघाईनं खिशातून तिकीट काढून पुढं करायचा. मामा तिकिटाकडं ढुंकूनही बघत नसत. "हे ठेवा. पुडी दाखवा," म्हणायचे. मग पुडी उघडली जायची, मामा मान वाकडी करून आत डोकवायचे आणि जागच्या जागी निकाल द्यायचे. साधं बिस्किट असलं तर, "एक टाका, पुडा नका टाकू." कांदाभजी असली तर छत्री आडवी. "तुमी खा. तुमाले कोन नाही म्हनलं? पन खाली टाकू नका." स्टँडवरची कुत्री हा सगळा तपास शेपट्या हलवत बघत असत. त्यांच्या तोंडचा घास हाच माणूस काढतो हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, तरी ती त्याच्याच पायात घोटाळत. हे कोडं मला फार दिवस सुटलं नाही.

सन सत्तरच्या सुमारास सोसायटीच्या खत-बियाण्याच्या गोदामावर कारकून म्हणून मी वाशीमहून मेडशीला आलो. वाशीमला तेव्हा जिल्ह्याचा मान मिळायचा होता, पण आम्हा वाशीमकरांचा तोरा आधीपासून जिल्ह्याचाच होता. माझ्या आवडी दोनच. एक खाणं आणि दुसरी खाण्याविषयी बोलणं. त्यातही तिखट, खारट, झणझणीत असं काही असलं की मला माणसं दिसत नाहीत. माझी बायको विमल म्हणते, "तुमच्या जिभेले हाड नाही अन् पोटाले बूड नाही." अशा माणसाच्या शेजारी देवानं पुंजाजीमामांचं घर दिलं होतं. मधे एकच भिंत, तीही कमरेएवढी.

पहिल्याच दिवशी गंमत झाली. जेवणं आटोपल्यावर विमल उरलेली भाजी-भाकर घेऊन मागच्या दारी कुत्र्याला टाकायला गेली. भिंतीपलीकडून आवाज आला, "काय हाय त्याच्यात, पोरी?" विमलला वाटलं, म्हाताऱ्याला भूक लागली आहे. ती आत आली, वाटीभर ताजी भाजी काढली आणि भिंतीवरून दिली. मामांनी वाटी नाकाशी नेली, डोळे मिटले आणि म्हणाले, "कांदा हाय. लसून हाय. मीठ तर बक्कळच हाय. नाही चालनार." आणि वाटी परत केली. विमल दिवसभर तणतणत होती. घरात पाऊल ठेवल्या ठेवल्या शेजाऱ्यानं हाताला नावं ठेवली, हे कोणत्या बाईला सोसेल? दुसऱ्या दिवशी मामा स्वतः येऊन सांगून गेले की परीक्षा तिच्या हाताची नव्हती, कुत्र्याच्या पोटाची होती.

त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात मामांचा कायदा लागू झाला. मीठ-मसाला पडायच्या आधी कुत्र्याचा वाटा काढून ठेवायचा. भात चालेल, भाकर चालेल, उकडलेलं कोहळं चालेल, ताक पाणी घालून चालेल. कांदा-लसूण बिलकूल नाही. कोंबडीचं शिजवलेलं हाड नाही, ते फुटून घशात जातं. आंब्याची कोय नाही, ती अडकते. मळलेलं कच्चं पीठ नाही, ते पोटात फुगतं. चहा नाही, आणि हे सांगताना मामा स्टँडवरच्या हॉटेलवाल्याकडं असं बघायचे की तो बशी मागं लपवायचा. नियम सांगून झाले की शेवटी एक वाक्य ठरलेलं असे, "कुत्र्याले नाही म्हनता येत नाही, म्हून आपल्याले म्हना लागते."

हे वाक्य ते कुत्र्यांविषयी म्हणायचे, पण बघायचे माझ्या ताटाकडं.

आता मामांचं सगळंच खरं होतं असं नाही. निम्मं अनुभवाचं होतं आणि निम्मं त्यांच्या डोक्यातलं. फणस खाल्लेलं कुत्रं चोरावर भुंकत नाही, असं ते छातीठोक सांगत. मेडशीत फणस येणार कुठून आणि आला तरी कुत्र्याला कोण देणार, हे विचारायची सोय नव्हती. शेपूची भाजी खाल्ली की कुत्र्याला नको त्या वेळी रडू येतं, असंही त्यांचं मत होतं. एकदा वाशीमच्या एका बाईनं गाडीतून द्राक्षं टाकली, तर मामांनी धोतर सावरत गाडीखाली वाकून एकेक द्राक्ष वेचलं. कारण विचारलं तर म्हणाले, मागं एकदा एका कुत्र्यानं फेकलेली द्राक्षं खाल्ली होती, अन् ते मग उठलंच नाही. काय होतं त्यात, ते मले माहीत नाही, पण मी पाह्यलं. स्टँडवरचे सगळे हसले. द्राक्षासारखं राजाचं फळ, त्यानं कुत्रं मरेल का? गाडी सुटायची वेळ होऊन गेली तरी कंट्रोलर इंगोले मात्र शिट्टी वाजवायचे थांबले होते, मामा गाडीखालून बाहेर येईपर्यंत.

गावातले मातब्बर शेतकरी देवराव एकदा पारावर सगळ्यांसमोर मामांना म्हणाले, "मामा, कुत्र्याले तूप पचत नाही म्हनतेत, खरं का?" हेतू खिजवण्याचा होता. देवरावांना जेवण झाल्यावर ढेकरा सुरू झाल्या की अर्ध्या गावाला ऐकू जात. मामा शांतपणे म्हणाले, "तुमाले तरी कुठं पचते?" त्यानंतर पारावर तुपाचा विषय निघाला नाही.

एकदा भल्या सकाळी मामा भिंतीशी आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "पोरी, माह्या घरचा पावना बिमार हाय. कालपासून काही खाऊन नाही राह्यला." विमलला वाईट वाटलं. एकटा म्हातारा, त्यात घरी पाव्हणा, त्यात तो आजारी. तिनं मऊ खिचडी केली, त्यावर साजूक तूप सोडलं, बाजूला लिंबाचं लोणचं वाढलं आणि पदर सावरून ताट घेऊन गेली. ओसरीवर पोत्यावर एक तांबूस, एका कानानं तुटका कुत्रा पडला होता. त्यानं विमलला बघून दोनदा शेपटी आपटली. कुत्र्याचं नावच पावना. मामांनी ताट घेतलं, तूप चमच्यानं काढलं, लोणचं परत दिलं आणि खिचडी हुंगून विचारलं, "मीठ?" विमल म्हणाली, "मामा, मले वाटलं मानूस हाय." मामा म्हणाले, "मानूसच हाय. पन मीठ नाही चालत त्याले." विमलनं पुन्हा अळणी खिचडी केली. एव्हाना तिला मामांचा लळा लागला होता आणि मलाही, पण मी तो कबूल करत नव्हतो.

या मामांना गावात एक मान होता. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्याकडं लग्नाची पंगत असो की नवसाचं रोडग्यांचं जेवण, नैवेद्य दाखवल्याशिवाय रांधलेलं कोणी चाखत नाही. देवाच्या आधी माणसाची जीभ लागली तर ते उष्टं. आता कढईभर वांग्याची भाजी आणि हंडाभर वरण न चाखता मीठ कसं घालणार? त्यासाठी गावात एक माणूस ठरलेला असतो. त्याला मिठाचा हात असतो. तो येतो, कढईत बघतो, वाफ तोंडावर घेतो, मुठीनं खडेमीठ टाकतो आणि बाजूला होतो. त्याच्यावर सगळ्या पंगतीची अब्रू. मेडशीत हा हात पुंजाजीमामांचा होता. शेत थोडं, तेही बटाईनं दिलेलं, मूलबाळ नाही, बायको जाऊन वर्ष-दोन वर्षं झालेली. पण कुणाच्याही घरी कार्य निघालं की पहिलं बोलावणं मामांना जाई. इस्त्रीचा सदरा घालून, छत्री घेऊन मामा निघाले की वाटेतली माणसं विचारत, "आज कोनाकळे मीठ?" तेव्हा मामांची चाल बघावी. मला तर वाटतं, त्या चालीसाठीच ते जगत होते.

एक गोष्ट माझ्यासारख्या खादाडाच्या लक्षात आली होती. मामा मीठ घालत, पण पंगतीला बसत नसत. आग्रह केला तर म्हणत, वासानंच पोट भरलं, घरी पावना वाट पाहून राह्यला. आणि निघून जात. एवढी वांग्याची भाजी सोडून जाणारा माणूस मला संत तरी वाटायचा किंवा वेडा तरी.

मी आल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी मामांचा हात बिघडायला लागला. आधी एका बारशाला वरण जरा फिकं झालं. लोकांनी पत्रावळीवरचं मीठ कालवून घेतलं, कोणी बोललं नाही. मग एका लग्नात भाजीत मीठ कमी पडलं. तेव्हा दोघं-चौघं कुजबुजले. मी स्वतः कुजबुजणाऱ्यांत पुढं होतो, कारण मिठाच्या बाबतीत मी कुणाची गय करत नाही. आणि मग मार्गशीर्षात देवरावांनी नवस फेडायला मारुतीला रोडगे केले.

काय थाट होता सांगू! मारुतीच्या देवळापुढं गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा आर फुललेला, त्यात कणकेचे रोडगे भाजून निघत होते. मोठ्या कढईत वांगी, हंड्यात तुरीचं वरण. वास असा सुटला होता की मी सोसायटीचं गोदाम वेळेआधी बंद केलं आणि कारण म्हणून खत ओलं झाल्याचं सांगितलं. ऊन लख्ख होतं. मामा आले. कढईपाशी उभे राहिले, वाफ घेतली, मूठ भरली. मी जवळच होतो. मूठ कढईवर गेली आणि जराशी थांबली, एवढं मला दिसलं. नैवेद्य झाला, गावकरी बसले, वाढणं झालं. रोडगा चुरला, त्यावर तूप, त्यावर वरण, बाजूला वांगी. मी पहिला घास घेतला.

अळणी.

नुसतं कमी नाही, ठार अळणी. मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. सगळी पंगत एकमेकांची तोंडं बघत होती. मग कोणीतरी मीठ मागितलं आणि सगळेच मीठ मागायला लागले. मीठ म्हणजे तेव्हाचं खडेमीठ, शिजलेल्या भाजीत ते कुठं विरघळतं? अख्खी पंगत कडाकडा मीठ चावायला लागली. देवरावांचे होणारे व्याही वाशीमहून आले होते. त्यांच्या दाढेखाली खडा आला आणि त्यांनी गाल धरला. देवरावांचं तोंड काळं-निळं झालं.

त्यांनी मामांना बोलावलं. सगळ्यांसमोर भाजीचा द्रोण हातात दिला आणि म्हणाले, "चाखून सांगा."

मामांनी बोट बुडवून जिभेला लावलं. डोळे मिटले. मग अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "बरोबर तर हाय. उलट जरासं खारटच झालं."

झालं! लोकांना वाटलं, म्हातारा टिंगल करतो. आणि तेवढ्यात पंगतीच्या टोकाला पत्रावळींवर टपून बसलेली कुत्री कुणाच्या तरी नजरेला पडली. एकच गिल्ला झाला. मामांनी मुद्दाम केलं! कुत्र्यांनी पत्रावळी चाटल्यावर त्यांना मीठ बाधू नये, म्हणून साऱ्या गावाला अळणी खाऊ घातलं! गेल्याच आठवड्यात पारावर मामा बोलले होतेच, पंगतीच्या पत्रावळी खाऊन कुत्री बिमार पडतात म्हणून. आता आणखी पुरावा कशाला हवा? देवराव म्हणाले, "मामा, खरं सांगा. कुत्र्यासाठी केलं?"

मामांनी सगळ्यांकडं बघितलं. मला वाटलं, आता चिडतील, छत्री आपटतील. त्यांनी मान खाली घातली आणि हळूच म्हणाले, "व्हय. कुत्र्यासाठीच."

देवरावांनी तिथल्या तिथं जाहीर केलं की वैशाखात पोरीचं लग्न आहे, त्या पंगतीला पुंजाजीच्या हातचा खडाही पडणार नाही. मामा छत्री घेऊन निघाले. रोजची ती चाल नव्हती. मला राग आला होता, अगदी मनापासून आला होता. कुत्र्यांवर माया करावी, पण माझ्या वांग्याच्या भाजीच्या जिवावर?

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायच्या सुट्टीत मी तोच राग घेऊन मामांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. मी उंबऱ्यातच थांबलो. जमिनीवर दोन जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, ताटल्या समोरासमोर मांडल्या होत्या. दोन्हींत एकाच पातेल्यातलं वाढलेलं, मुगाची डाळ घातलेला मऊ भात आणि कोहळ्याच्या फोडी. एका ताटलीपुढं मामा मांडी घालून बसले होते आणि दुसरीपुढं पावना. तो ताटलीकडं बघतही नव्हता. मामांकडं बघत होता. मामांनी पहिला घास घेतला, तेव्हा त्यानं ताटलीत तोंड घातलं.

"ये, बाबू. बस, वाढतो," मामा म्हणाले. खायला मी कधी नाही म्हटलेलं नाही. बसलो. तिसरी ताटली आली. घास घेतला आणि हात थांबला. फळीवर मिठाची बरणी दिसली, उठून झाकण काढलं. आत सुईदोरा आणि सदऱ्याच्या गुंड्या होत्या.

"मामा, मीठ कुठं हाय?"

"घरात नाही."

"संपलं?"

"कौतिका होती तवाच काढून टाकलं," ते म्हणाले.

मग जेवता जेवता, माझ्याकडं न बघता, ते बोलत राहिले. कौतिकामामींच्या अंगावर सूज यायची. अकोल्याच्या डॉक्टरांनी मीठ तोडलं. मामांनी तिच्यासाठी वेगळं अळणी रांधायला सुरुवात केली, तर ती घासाला शिवेना. म्हणाली, तुमच्या ताटात एक अन् माह्या ताटात दुसरं, मंग मी या घरची कोन, पावनी? त्या दिवशी मामांनी घरातलं मीठ उचलून शेजारी देऊन टाकलं आणि तिच्याबरोबर अळणी खायला बसले. तरीही तिला घास उतरत नव्हता. तेवढ्यात हा तुटक्या कानाचा कुत्रा जेवणाच्या वेळेला दारात येऊन बसायला लागला. तिला हसू आलं. म्हणाली, घ्या, खरा पावना हा आला. मग ती एक घास त्याला द्यायची आणि एक स्वतः घ्यायची. तो खायचा म्हणून ती खायची. त्याला काय बाधेल, काय नाही, याची चौकशी तिनंच मामांना करायला लावली. आपण जे देतो ते त्याच्या जिवाला लागू नये, एवढीच तिची काळजी. शेवटच्या दिवसांत त्या पंगतीत तिघं जण होते. ती गेली, मग दोघं उरले.

माझा राग केव्हाच पळाला होता. पण डोकं कारकुनाचं. मी म्हणालो, "मामा, तुमी साऱ्या गावाले सांगता, मीठ टाकायच्या आंदी कुत्र्याचा वाटा काढून ठेवा. मंग तुमीच तसं काहून करत नाही? त्याचं काढा, अन् मंग तुमच्यात मीठ टाका. जीभ बी जागेवर येईन, मान बी राहीन."

मामांनी घास ताटलीत ठेवला. "बाबू, गावात कुत्रं दाराबाहेर जेवते. माह्या घरी थो पंगतीत बसते. पंगतीत पंक्तिप्रपंच करत नाही कोनी."

ज्या समाजात पंगतीत एकाला तूप आणि दुसऱ्याला पाणी वाढलं तर पिढ्यानपिढ्या नावं ठेवतात, त्या समाजातला हा माणूस. त्यानं तो नियम कुत्र्यापर्यंत नेला होता, एवढाच काय तो फरक.

"मंग काल खरं काहून नाही सांगितलं?" मी विचारलं.

"काय सांगू? मीठ मुठीत घेतलं का तिचे पाय दिसतेत. सुजलेले. मूठ पुरी उघडतच नाही." त्यांनी ताटलीतला घास पुन्हा उचलला. "कुत्र्यासाठी म्हनलं तर लोक हासतेत अन् इसरतेत. तिचं नाव काढलं असतं तर सारे चूप झाले असते. मंग मले तिथं उभं नसतं राहता आलं."

मी ताटली पुसून खाल्ली आणि घरी आलो. विमलला सगळं सांगितलं. तिच्या डोळ्यांना धार लागली आणि त्याच धारेत ती देवरावांच्या बायकोकडं गेली. दिवस मावळायच्या आत गावाला कळलं होतं. बाईच्या तोंडून गेलेली गोष्ट रेडिओपेक्षा लवकर पोचते, आणि एखादे वेळी ते बरंही असतं. त्यानंतर पारावर कोणी मामांना काही विचारलं नाही, पण स्टँडवर गाडी थांबली की भजेवाला आपण होऊन ओरडायला लागला, "खाली टाकू नका, कांदा हाय!"

वैशाख आला. लग्नाच्या आदल्या दिवशी देवराव स्वतः मामांच्या ओसरीवर आले. बराच वेळ ढेकरही न देता बसले. मग म्हणाले, "मामा, उद्या मिठाले या."

मामा म्हणाले, "माही जीभ गेली, देवराव. तुमच्या पोरीचं कार्य नासवू नका."

"जीभ कोन मागते? नैवेद्याच्या आंदी तशीबी कोनी चाखत नाही. हात तुमचा पाह्यजे."

शेवटी तोड विमलनं काढली. मामांनी मीठ घालायचं आणि तिनं शेजारी उभं राहून बघायचं. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा बाहेर निघाला. कढईपाशी बायका-पुरुषांचा घोळका जमला होता. मामांनी आधी एका छोट्या पातेलीत डाळ-भात आणि कोहळं काढून झाकून ठेवलं. मग मूठ भरली, कढईवर धरली. थोडं मीठ पडलं आणि बोटं मिटली.

"अजून, मामा," विमल म्हणाली.

आणखी थोडं पडलं.

"अजून. मी हाय ना इथं. टाका."

मूठ उघडली. पुरी उघडली. मग दुसरी भरली, तिसरी भरली, आणि मामा कपाळावरचा घाम पुसत बाजूला झाले. देवरावांनी कुणाला न दिसेल असं तोंड फिरवून डोळे पुसले. मला दिसलं, कारण मी कढईच्या सगळ्यांत जवळ होतो.

भाजी काय झाली होती! वाशीमच्या व्याह्यांनी तीनदा मागून घेतली. मी कितीदा घेतली ते विमलला विचारू नका. सगळी पंगत "मामा, मामा" करत होती आणि मामांचा पत्ता नव्हता. मला ठाऊक होतं. मी नवी पत्रावळ उचलली, तिच्यावर भाजी आणि दोन जिलब्या घेतल्या आणि मंडपामागं गेलो.

तुराट्यांच्या गंजीआड सावलीत दोघं समोरासमोर बसले होते, मधे ती पातेली. मामांनी मला बघितलं. पावन्यानं जिलब्यांना बघितलं. मग मामांनी पावन्याकडं आणि माझ्या पत्रावळीकडं अशा काही नजरेनं बघितलं की मी जिलब्या उचलून सदऱ्याच्या खिशात घातल्या. पाक पोटापर्यंत ओघळला.

"बाबू, तिकळच्या पंगतीत जा. इथं अळनी हाय," मामा म्हणाले.

मी भाजीची पत्रावळ बाजूला सारली, मांडी घातली आणि पातेलीकडं हात केला. मामांनी वाढलं. आधी पावन्याला, मग मला, मग स्वतःला, सगळ्यांना सारखं. अळणीच होतं. खोटं कशाला बोलू? घास उतरवायला मला दर वेळी पाणी लागत होतं. मंडपातून माझ्या नावानं हाका येत होत्या, जिलेबीची दुसरी फेरी निघाली होती. पण पंगतीत बसलेल्यानं सगळ्यांचं होईपर्यंत उठायचं नसतं, आणि पावना आता म्हातारा झाला होता, फार सावकाश जेवायचा. मी बसून राहिलो.